‘घ’ पाहा

शनिवारी चार वाजता, असं फळ्यावर मीच लिहिलं होतं,
चवथीला नऊ दिवस उरले होते.
‘माटोळीतल्या फळांची ओळख. सर्वांना प्रवेश.’
‘ओळख’मधला ळ जरा वाकडा आला,
तो तसाच ठेवला.

काणकोणच्या आमच्या वाचनालयात
खुर्च्या एकतीस, त्यातल्या सहा देवळाच्या,
पाठीवर देणगीदाराचं नाव रंगवलेल्या,
म्हणून त्या मागच्या रांगेत.
माणसं आली चौदा.
पागी मास्तर धरायचे की नाही, ठरत नाही.
ते रोजच असतात, शब्दकोड्यात मान घालून,
कार्यक्रम त्यांच्या आजूबाजूला होतो.
पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत.
माईक आला, तर वीज गेली.

मग खोतीगावच्या बसमधून उतरल्या चंद्रावती वेळीप,
डोक्यावर पाटी, पाटीवर केळीचं पान.
चपला कुठे काढू, दारातच विचारलं.
इथे काढत नाहीत, मी म्हटलं.
त्यांनी काढल्या.

टेबलावर रान ओतलं.
हलवल्या की वाजणाऱ्या घागऱ्या,
कांगण्यांचे झुबके, लाल कवंडळं, आंबाडे,
आणि एक तोरिंग, एवढं थोरलं
की बाईंनी शाईचा शिक्का उचलून त्याला जागा दिली.
जुन्या कागदांच्या वासात
ओला, तुरट वास शिरला.

संगणक आल्यापासून सूचीची कोरी कार्डं पडून होती,
दोन खोकी, कडा पिवळ्या, खाली भोक पाडलेलं.
फळदेसाईबाईंनी ती मुलांना वाटली.
एका कार्डावर एक फळ.
नाव काय, कुठे मिळतं, कोणी सांगितलं.
तिसऱ्या ओळीवर सगळ्यांचं उत्तर एकच.

आन्सेल्म बार्रेटोच्या घरी माटोळी नसते.
सगळ्यांत जास्त कार्डं त्याची झाली.
हे खातात का, त्यानं कवंडळ धरून विचारलं.
बघतात, चंद्रावती म्हणाल्या.
सगळंच काय खायचं असतं?

मग त्यानं उचललं केशरी, जोडीनं लागलेलं,
एकाच देठाला दोन.
आणि हे?
हे आमच्या घरच्यांचं.
म्हणजे घरी लावलंय?
नाही रे. रानातलंच.
मग नाव?
त्या आंबाड्यांबद्दल बोलायला लागल्या.
आन्सेल्मनं ऐकलं तसं लिहिलं:
‘घरच्यांचं फळ’.

चहा झाला. बाईंना वाटलं, एवढं दिलं त्यांनी,
निदान सभासद तरी करून घेऊ.
मला वाचता येत नाही, चंद्रावती म्हणाल्या.
नातीला येतं ना, बाई म्हणाल्या आणि फॉर्म काढला.
नाव. गाव. वय अंदाजे.
पतीचे नाव.

चंद्रावतींनी पदर सारखा केला.
खिडकीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं,
पंचायतीची भिंत.
मग टेबलावरची ती केशरी जोडी
बोटानं हळूच पुढे सरकवली,
फॉर्मला टेकेपर्यंत.

बाईंचं पेन वरच राहिलं.
पागी मास्तरांनी दिवसात पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.
नागूलकुडो, म्हणाले. पाच अक्षरं.
बाईंना पहिली दोन पुरली.

चंद्रावती तोंडाला पदर लावून हसल्या,
अशा, की पुढच्या रांगेतली पोरं उगाचच हसली.
ते येतील ना चवथीला तुमच्याबरोबर, कुणीतरी विचारलं.
सात चवथी झाल्या, त्या म्हणाल्या,
आणि पाटी उचलली.

फळं दोन दिवसांनी मऊ पडली, मुंग्या लागल्या,
ती मी मागच्या नारळाखाली टाकली.
कार्डं मात्र खणात लागली, अक्षरवार,
अट्ठावीस.
आन्सेल्मचं कार्ड बाईंनी दुरुस्त केलं नाही,
ते ‘घ’मध्ये, घागऱ्यांच्या आधी.
आणि ‘न’च्या खणात
मी एक वेगळं कार्ड ठेवलंय, माझ्याच अक्षरात,
नाव नाही, गाव नाही,
फक्त तळाशी:
‘घ’ पाहा.